कानसेनाची बायको

विद्युत पथकात चौघं होती. लोहबाहू, पारा, कानसेन आणि सावली. रत्नपूर नावाच्या शहरावर संकट आलं की ती चौघं समुद्रातल्या जुन्या दीपगृहातून निघायची आणि कधी उशिरा पोचायची नाहीत. लालबागला आमच्या चाळीखाली एक जण भाड्याने पुस्तकं द्यायला बसायचा. त्याच्याकडून आम्ही ते कॉमिक आणायचो आणि जिन्यात बसून चौघं एकदम वाचायचो. छपाई इतकी वाईट, की लोहबाहूचा लाल अंगरखा त्याच्या अंगाबाहेर बोटभर सरकलेला असायचा. आम्हाला वाटायचं, तो एवढ्या जोरात धावतो की कपडे मागे राहतात.

आमची चौकडी म्हणजे मी, शिवा, गुणाजी आणि कमल. शिवा लोहबाहू, त्यात वादच नव्हता. दोन हातांत दोन भरलेल्या कळशा घेऊन तो दुसरा मजला चढायचा. कमल बारीक, कुठूनही निसटणारी, म्हणून पारा. गुणाजीचे कान जन्मापासून बाहेर आलेले, म्हणून तो कानसेन, कोसभरावरची कुजबुज ऐकणारा. सावली उरली, ती माझ्या वाट्याला आली. सावली भिंतीवरून सरकत जायची, तिला कोणी बघायचं नाही, आणि अख्ख्या अंकात ती एकदाच बोलायची, "सावध!" मी कुरकुरले की शिवा म्हणायचा, "अगो मालन, तुझं काम बघायचं. मारायचं काम आमचं."

पुढे कमल लग्न होऊन कोकणात गेली. शिवा आणि गुणाजी एकाच गिरणीत चिकटले, दोघंही साचेवाले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. आणि मी गुणाजीशी लग्न केलं. चारचौघांत 'अहो', दार लावलं की गुणाजी. म्हणजे मी कानसेनाची बायको झाले, आणि असं कोणी त्या कॉमिकात नव्हतंच. दीपगृहात चूल नव्हती. लोहबाहूचा अंगरखा कोण धुतं, कानसेनाला यायला उशीर झाला की दारात कोण उभं राहतं, हे एकाही चौकटीत काढलेलं नव्हतं. लहानपणी मला ते खटकलं नाही. आमची लेक बाय झाल्यावर मात्र तिला मांडीवर घेऊन मी ते अंक मनातल्या मनात उलगडायची, तेव्हा पानापानावर तेच दिसायचं.

त्यांची भीतीसुद्धा ठरलेली होती. कपाळावर तीन थेंब. लोहबाहूला तेवढे, सावलीलाही तेवढेच. अंगावर पिणारं मूल असलं की भीती कपाळावर येत नाही, छातीत येते. दूध आटतं. गिरण्यांच्या संपाच्या त्या वर्षी बाय काही महिन्यांची होती. ओढून ओढून थकायची आणि मग माझ्याकडे बघत राहायची, रडायचीही नाही. ते बघणं मला अजून आठवतं.

गिरण्या बंद होऊन उन्हाळा गेला, पाऊस गेला, दिवाळी तोंडावर आली. चाळीतले अर्धे पुरुष गावी निघून गेले होते. उरलेले गॅलरीत उकिडवे बसलेले असायचे. हातांना काय करायचं ते कळत नसल्यासारखे. त्यातच काही गिरण्यांनी पोलीस बंदोबस्तात थोडी माणसं आत घेऊन साचे सुरू केले. जाळीच्या गाडीतून त्यांना न्यायचे, जाळीच्या गाडीतून आणायचे. त्या माणसांना चाळीत एकच नाव होतं, फितूर. परळच्या अशाच एका साचेवाल्याला दुसऱ्या कोणी नाही, शेजाऱ्यांनीच गाठला आणि त्याचे दोन्ही हात मोडले. दुसरीकडे कुठे लागलं नव्हतं. फक्त हात.

ते ऐकल्यापासून मी गुणाजीच्या हातांकडे बघायला लागले. बायला उचलताना तो बोटं पसरून तिच्या मानेखाली धरायचा. आमचं त्यात काही नाही, असं मी स्वतःला सांगायची. गुणाजीला वडाळ्याच्या यार्डात माल चढवायचं काम मिळालं होतं. सकाळी जायचा, दुपार कलली की यायचा, आणि घरात पाऊल टाकायच्या आधी कुठेतरी डोकं धुऊन यायचा. केसांतून पाणी निथळत असायचं. "यार्डाची धूळ बायच्या नाकात नको," म्हणायचा. मला भरून यायचं. बाप झाला की पुरुष किती शहाणा होतो, असं वाटायचं.

विद्युत पथकाच्या एका अंकात पारा फितूर झाला होता. शत्रूने त्याच्या आईला पकडून ठेवलं होतं म्हणून. त्या अंकावरून आम्ही जिन्यात तीन-चार दिवस भांडलो. शिवा तर इतका पेटला, की पाऱ्याच्या चित्रावर त्याने कोळशाने फुली मारली आणि पुस्तकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. "त्याला वितळवून गटारात ओतला पाहिजे."

गुणाजी म्हणाला, "पण आई होती ना त्याची."

"आई सगळ्यांना असते, कानशा!"

पुढच्या अंकात लोहबाहूने त्याला माफ केलं. अर्ध्या पानात. शिवाला ते अजिबात पटलं नाही. मला त्या वेळी पटलं होतं.

आता त्या दुपारचं सांगते.

माझे बाबा, रामजी, आमच्याबरोबर राहायचे. खरं तर आम्हीच त्यांच्या खोलीत राहत होतो. त्यांचे कान साच्यांनी खाल्ले होते. साचेखात्यात इतका आवाज असतो, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून साचेवाले हातांनी बोलतात. तोंड हलवायचं आणि बोटांनी खुणा करायच्या. सूत तुटलं, आडवं सूत नेणारा धोटा अडकला, चहाला चल, सगळ्याला खूण. प्रत्येक माणसालाही स्वतःची खूण असते. बाबा बहिरे झाल्यावर घरात तीच भाषा चालू झाली. मी ती चूल आणि केरवाऱ्यासारखीच शिकले. बाईला ही भाषा येत असेल, हे मात्र गिरणीतल्या माणसाच्या डोक्यात येत नाही.

मी दुसऱ्या मजल्यावर बायची लंगोटी वाळत घालत होते. समोरच्या बाजूला, पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून शिवा उभा होता. खाली नळाशी गंगाधर नावाचा माणूस. पलीकडच्या चाळीतला, तोही साचेवाला. मध्ये अंगणभर बायका, पोरं, भांडी. दोघांनी एकमेकांना हाकही मारली नाही. गंगाधरने नुसता कानाची पाळी ओढली.

ती गुणाजीची खूण होती. गिरणीतही त्याला कानांवरूनच ओळखायचे.

मी ओली चादर दोरीवर ओढली आणि तिच्या आड उभी राहिले. गंगाधरने हात आडवा डावीकडून उजवीकडे नेला, धोटा धावतो तसा. काम करतोय. मग अंगठा खांद्यावरून मागे. मागचं गेट. मग बोटांनी केस चोळले आणि मूठ उघडून पाणी पडल्यासारखी खाली सोडली. दुसऱ्या हाताने चार बोटं शिवाकडे रोखली. तेही शिवाच्याच चार साच्यांवर.

वडाळ्याचं यार्ड, धूळ, धुतलेलं डोकं, सगळं एका क्षणात माझ्या पायाखालून गेलं. ती धूळ नव्हती. केसांत अडकलेला कापूस होता. साचेखात्यातून आलेल्या माणसाच्या केसांत, भुवयांत कापूस बसतो. पोरवयापासून आम्ही तो बघत आलोय. तो धुवायचं गुणाजीला सुचलं, पण भरदुपारी रोज एकाच नळावर केस धुणारा माणूस गिरणगावात कोणाच्या डोळ्यांत भरेल, हे नाही सुचलं.

शिवाने बोट जमिनीकडे रोखलं. आज?

गंगाधरने मान हलवली. एक मूठ दुसऱ्या तळव्यावर आपटली, हळूच, मच्छर मारल्यासारखी. मग दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून काडी मोडल्यासारखी वाकवली.

शिवाने मान हलवली.

मी खोलीत आले आणि इतक्या घाईने खुणा केल्या, की बाबांना मी काय सांगतेय तेच कळेना. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांना कळलं आणि ते बहिऱ्या माणसाच्या आवाजात गरजले, "गुणाजी आत जातो?"

मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. बाहेर कोणाची तरी बादली खणकली. आम्ही दोघं तसेच थांबलो. बाबांच्या डोळ्यांत राग होता, आणि तो कोणावर ठेवायचा ते त्यांनाही कळत नव्हतं. आयुष्यभर लाल बावट्यामागे चाललेला माणूस. मग त्यांनी पाळण्याकडे बघितलं. खुणेने म्हणाले, बायला घेऊन जा. मूल कडेवर असलं तर कोणी हात उचलणार नाही.

ते खरंही असेल. पण नसलं तर? मारामारीत काय कुणाला लागेल, याचा हिशेब कोण ठेवतं? पोरगी ढालीसारखी पुढे धरून उभी राहायची, असं ज्यांना जमत असेल त्यांना जमो. मी मान हलवली, नाही. बाबांना ऐकू येत नाही, म्हणून पाळण्याची दोरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधली. बाय चुळबुळली की दोरी ओढली जाईल. त्यांनी पाय ताठ करून ठेवला, आणि मी निघाले.

गिरणीच्या मागच्या गेटाबाहेर भिंतीच्या कडेने एक गल्ली जाते. तिच्या तोंडाशी म्युन्सिपाल्टीचा नळ. पलीकडच्या फुटपाथवर रखमा कोळीण टोपली घेऊन बसायची. मला बघून तिने लांबूनच सुरू केलं. "काय गो पोरी, भूत लागलंय का मागं? पदर बघ, उलटा घेतलास."

"मावशी, जरा बसू दे."

"बस की. माझ्या बापाचा फुटपाथ हाय काय?" तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि आवाज उतरवला. "कोण बिमार हाय का?"

मी गेटाकडे बघत राहिले. तिने एक बोंबील माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "धर. हातात काय असलं की माणूस गिऱ्हाईक दिसतं."

तो बोंबील हातात धरून मी बसले. काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. कॉमिकात दर अंकाच्या शेवटी लोहबाहू भिंत फोडून यायचा. इथे लोहबाहूच मारायला येणार होता. ते आठवून मला हसू यायला लागलं, आणि ते हसू नाही, रडू आहे, हे रखमाला माझ्याआधी कळलं. तिने माझ्या गुडघ्यावर आपला खवल्यांचा हात ठेवला. ओरडावं, तर गुणाजीचं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणजे गल्लीभर तोच पुकारा झाला असता. पोलिसांना सांगावं, तर शिवा आत गेला असता. शिवाच्या आईने त्याच आठवड्यात घरातलं पितळेचं शेवटचं पातेलं मोडीत घातलं होतं. त्याचंही मला सगळं माहीत होतं. हाच तर घोळ होता.

शिवा, गंगाधर आणि आणखी दोघं, असे चौघं आले. गंगाधरच्या हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र होतं, आणि ते नुसत्या कागदाचं नव्हतं. शिवा सगळ्यांत मागे. भिंतीला पाठ लावून ते बिड्या पेटवायला लागले. शेजारून जाणारी माणसं चाल वाढवायची.

थोड्या वेळाने मागच्या गेटातलं छोटं दार उघडलं आणि गुणाजी एकटाच वाकून बाहेर आला. जाळीच्या गाडीने त्याला मोठ्या रस्त्याला नेऊन सोडलं असतं, पण तिथे कोणी बघेल म्हणून बहुतेक तो असा निघायचा. भिंतीच्या कडेने नळाशी आला. इकडे तिकडे बघितलं, आणि मला वाटलं आता तो त्यांना बघेल. पण बिड्या ओढणारी माणसं रस्तोरस्ती होती त्या वर्षी. त्याने नळ सोडला, डोळे मिटले आणि डोकं पाण्याखाली घातलं.

चौघं भिंतीपासून सुटले.

मी उभी राहिले. बोंबील कुठे पडला कोण जाणे. आणि मग माझा हात आपोआप वर गेला. दोन बोटं कपाळाला आडवी, टोपीच्या कडेसारखी, आणि मग हात झटकून खाली. साहेब आला.

साचेखात्यातली ही सगळ्यांत जुनी खूण. खात्यात मास्तर शिरला की दारापासून शेवटच्या साच्यापर्यंत ही खूण वाऱ्यासारखी जाते, आणि ती दिसली की माणूस विचार करत नाही. बिडी विझवतो, पाठ वळवतो, कामाला लागतो. बाबा निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी अजून मी चेष्टेने ती खूण केली की मांडी मोडून ताठ बसतात.

गंगाधरने ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितली. त्याचं वर्तमानपत्र सदऱ्याखाली गेलं. दुसऱ्याने बिडी फेकली. तिसरा वळून गेटाकडे बघायला लागला. संप चालू, मास्तर नाही, पगार नाही, तरी तिघांचीही अंगं साहेबासाठी सरळ झाली.

शिवा मात्र मागे वळला नाही. खूण कोणी केली, ते त्याने शोधलं. आणि त्याला मी दिसले.

रस्ता काही फार रुंद नव्हता. मी कानाची पाळी धरली. मग दोन्ही हात जवळ घेऊन पाळणा हलवला. मग हात जोडले. ती साचेवाल्यांची खूण नाही, कोणाचीही आहे. शिवाचा चेहरा मी लहानपणापासून बघत आले, पण तो असा कधी बघितला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज न काढता तो तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. माझे साचे. माझे साचे.

मग तो तिघांना मोठ्याने म्हणाला, "अरे हवालदार आहे कोपऱ्यावर. चला. आज नको."

"कुठे आहे?" गंगाधर म्हणाला.

"चल म्हणतो ना मेल्या!"

ते गेले. गुणाजीने डोकं वर काढलं, तोंडावरून हात फिरवला आणि मला बघितलं. त्याच्या भुवईत अजून कापसाचा एक तंतू होता.

"तू इथे? बाय कुठे?"

मी त्याचे दोन्ही हात धरले आणि मनगटं चाचपून बघितली. मग त्याला सगळं कळलं. रखमा मागून ओरडत होती, "अगो, तुझे बोंबील ऱ्हायले!" मी तिच्याकडून काही घेतलंच नव्हतं.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा शिवा आमच्या दारात आला. माझी छाती इतकी धडधडली, की बाय प्यायची थांबली. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बाबांना त्याने वाकून नमस्कार केला, गुणाजीकडे बघितलंच नाही. माझ्याशी बोलला.

"त्याला सांग, उद्या मी तिथे नसेन. पण ते असतील. आणि नळावर नसतील, दुसरीकडे असतील."

"शिवा, आत ये. चहा टाकते."

"दूध हाय तुझ्याकडे?" तो म्हणाला. मग बायकडे बघून ओशाळला. "तसं नाय म्हणत होतो मी."

गुणाजी भिंतीकडे तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "मी मागून नाही घेतले तुझे साचे. मला तिथे उभा केला."

"चालतात कसे?" शिवाने विचारलं. पहिल्यांदा त्याच्याशी.

"तिसरा सूत तोडतो."

"त्याला डाव्या बाजूला सैल ठेवावा लागतो," शिवा म्हणाला, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच्याच तोंडावर चापट मारल्यासारखा वळला आणि जिना उतरून गेला.

रात्रभर कोणीच काही ठरवलं नाही. एरवी गुणाजीला हौसेने शिव्या घालणारे बाबा पाळण्याची दोरी धरून बसले होते. सकाळी मी पीठ मळलं नाही, डबा काढला नाही. गुणाजी उठला, दाढी केली आणि सदरा चढवला. सदऱ्याची बटणं तो खालून वर लावतो. शेवटचं बटण लावून त्याने माझ्याकडे बघितलं. "डबा?"

मी बायला उचललं आणि त्याच्या हातांत दिलं. "धर जरा. पाणी भरून येते."

कळशी घेऊन मी खाली गेले. रांग होती. माझा नंबर आला, तेव्हा मी मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं. मग तिच्या मागच्या बाईला. "काय गो, आज गाव जेवायला येतंय का, एवढी निवांत?" कोणीतरी म्हणालं. वर बघायची मला हिंमत नव्हती. आमच्या जिन्यावरून कोण उतरतंय, ते मी पायांच्या आवाजावरून ओळखू शकते. एक एक आवाज उतरून जात होता. सखुबाई. तिची सून. दूधवाल्याचा भाऊ. गिरणीच्या जाळीच्या गाड्यांची वेळ टळून गेली असेल इतका उशीर करून मी कळशी डोक्यावर घेतली आणि वर चढले.

तो गेला नव्हता. सदरा घालूनच जमिनीवर बसला होता आणि बाय त्याच्या छातीवर झोपली होती. त्याचे दोन्ही हात तिच्या पाठीवर होते. मी आत आले तरी त्याने वर बघितलं नाही.

"आता काय खायचं?" तो म्हणाला.

मी कळशी खाली ठेवली, दार लावून घेतलं आणि त्याच्या शेजारी बसले.